मालनबाईचा छाट

दीनाने दोन्ही गाठोडी गोजरबाईच्या ओट्यावर ठेवली, त्यांवरच्या खुणेच्या चिंध्या सोडल्या आणि उलटसुलट करून पुन्हा बांधल्या. आईची हिरवी चिंधी गोजरबाईच्या बिड्यांवर आली. गोजरबाईची तांबडी चिंधी आईच्या बिड्यांवर गेली.

"आन् पकडलं म्हंजी?" गोजरबाईने विचारलं.

"काय पकडतील? पान कारखान्याचं, तंबाखू कारखान्याची. आपण नावं तेवढी बदलली."

"माझ्या नावाला छाट लागला तर?"

"जेवढा लागेल तेवढ्या बिड्या मी वळून देईन, मावशी. रविवारी बसून."

गोजरबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू वळशील? मालन हात लावू दील तुला?"

दीनाने गाठ घट्ट ओढली आणि गाठोडी तिच्या हातात दिली.

भिंगारच्या बाजाराच्या टोकाला बिडी कारखान्याची शाखा होती. तिथून पान-तंबाखू उचलून बायका घरी बिड्या वळत आणि दिवस मावळताना तिथे नेऊन देत. नृसिंहअण्णा गादीवर बसून प्रत्येकीचा माल तपासत. सैल, फाटक्या पानाची, तोंड नीट न मिटलेली बिडी ते बोटांत चुरडून डब्यात टाकत. तो छाट. ज्या बाईचा छाट, तिची तेवढी मेहनत फुकट. दीनाच्या आईचे, मालनबाईचे गुडघे धरत म्हणून तिचा माल शेजारची गोजरबाईच नेऊन देई, आणि परत येताना दारातूनच आजचा छाट सांगे. दिवाळीपासून तो वाढत चालला होता.

मालनबाई पंधरा वर्षं बिड्या वळत होती. नवरा, शांतवन मास्तर, शेवगावकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर होता. तो विषमज्वराने गेला तेव्हा दीना पाच वर्षांची होती. भिंगारला आल्यावर आई वळायची आणि दीना समोर बसून पत्र्याच्या मापाने पानं कापायची. मॅट्रिक झाली त्या दिवशी आईने तिच्या हातातली कातर काढून घेतली होती. "ही बोटं आता लिहायला," एवढंच म्हणाली होती. दीना आता नगरच्या कॉलेजात गणित घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गात ती एकटीच मुलगी.

त्या सत्रात सुमंत सर संभाव्यतेची वितरणं शिकवत होते. एकाच हाताने एकच काम पुन्हा पुन्हा केलं, तरी चुका रोज सारख्या होत नाहीत. कधी कमी, कधी जास्त. पण त्या कमीजास्तालाही एक आकार असतो, मधे उंच आणि दोन्ही अंगांना उतरता. सरांनी तो फळ्यावर काढला तेव्हा दीनाने वही बाजूला ठेवून नुसतं पाहिलं. उताराच्या अगदी टोकाशी, जिथे खडू फळ्याला जेमतेम टेकला होता, तिथे तिला आईचा छाट दिसत होता. एवढा छाट नुसत्या योगायोगाने निघत नाही.

तास संपल्यावर तिने सरांना गाठलं. आईचं नाव घेतलं नाही. एक बाई, एवढंच म्हणाली.

"तपासणाऱ्याला माल कुणाचा ते कळतं?" सरांनी विचारलं.

"कळतं. चिंधीवरून."

"मग चिंध्या बदला. छाट नावामागे जातो की हातामागे, ते कळेल." सर हातावरचा खडू झटकत पुढे म्हणाले, "आणि गाठोडी उघडून पाहू नका. आधी पाहिलं की मन बाजू घेतं."

दीनाचं मन आधीच बाजू घेऊन बसलं होतं. आदल्या शनिवारी शाखेच्या दारात, जमलेल्या सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली होती, "अण्णा नाव बघून छाट काढतात. मी सिद्ध करून देते." बायकांना ते पटलं. छाट कुणाला गोड लागतो? पुढच्या सोमवारी सगळ्यांनी मिळून कारखान्याच्या शेठकडे जायचं, आणि अण्णांना काढेपर्यंत कुणी पान उचलायचं नाही, असं ठरलं. आत गादीवर बसलेल्या नृसिंहअण्णांना सगळं ऐकू गेलं असणार. त्यांनी मान वर केली नव्हती.

चिंध्या बदलल्या त्या संध्याकाळी गोजरबाई परत आली ती दारात थांबली.

"मालन, आज तुझा छाट न्हाईच म्हन की."

मालनबाईचे हात सुपात थांबले. "न्हाईच?"

"असंल दोन-चार."

"तपासाया अण्णाच हुता का दुसरं कुनी?"

"अण्णाच."

मालनबाई पुन्हा सुपावर वाकली. तिने तंबाखूची चिमूट घेतली, पानावर पसरली आणि बोटांनी चाचपत वळू लागली. आईला आनंद का झाला नाही, हे दीनाला उमजलं नाही. तिने गोजरबाईला ओट्यावर गाठलं.

"आणि तुमचा?"

"माझा इचारू नगं. निम्मा डबा माझ्याच नावानं भरला."

"एका दिवसावरून काही ठरत नाही," दीना म्हणाली. "आठवडाभर करू."

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. अण्णांना सुगावा लागला असेल, ते सावध झाले असतील, असं दीनाने स्वतःला सांगून पाहिलं. पण सावध झालेला माणूस गोजरबाईला कशाला छळेल? गोजरबाई तर कधी कुणाच्या अध्यात नव्हती. चौथ्या दिवशी गोजरबाई म्हणाली, "बास कर आता पोरी, माझ्या नावाची माती व्हायली." दीनाने तिचे दोन्ही हात धरले आणि आणखी दोन दिवस मागून घेतले. तिला उत्तर नको होतं, म्हणून ती दिवस मागत होती. हे तिला कळत होतं, तरी तिने मागितले.

शनिवारी कॉलेजातून भिंगारकडे चालत येताना तिने मनातल्या मनात शेवटचा हिशेब केला. छाट हिरव्या चिंधीबरोबर गेला नव्हता. आईच्या हाताबरोबर गेला होता. तो योगायोग असण्याची शक्यता उरली होती, पण इतकी बारीक की तिच्यावर कुणी प्रामाणिक माणसाने उभं राहू नये. छावणीच्या रस्त्याने एक लष्करी ट्रक धूळ उडवत गेला. धूळ बसेपर्यंत दीना कडेला थांबली, आणि बसल्यावरही काही वेळ तिथेच उभी राहिली.

रविवारी मिशनच्या देवळातून आल्यावर आईने सूप मांडीवर घेतलं. दीना समोर बसली. लहानपणी बसायची तिथेच. दुपारचं ऊन दारातून थेट सुपावर पडत होतं. आईची बोटं पूर्वीसारखीच झरझर चालत होती, पण तंबाखू पानाच्या कडेवरून खाली सांडत होती. तिला ते दिसत नव्हतं. एका पानाला मधोमध भोक होतं, तेही तिने वळून दोऱ्याने बांधलं. दीनाने आवाज न करता हात पुढे केला आणि आईच्या डोळ्यांसमोर धरला. आई वळत राहिली.

"कधीपासून?" दीनाने विचारलं.

मालनबाई दचकली. मग तिने बिडी सुपात ठेवली.

"उन्हाळ्यापासून. आधी धुकं आल्यावानी. आता सांजच्याला वाटच दिसत न्हाई."

"म्हणून माल गोजरमावशीकडे देतेस. गुडघे नाहीत दुखत."

"गुडघंबी दुखत्यात."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर कालेज सोडून सूप घेऊन बसली असतीस. वरीसभराचा तर परश्न हुता." मालनबाईने पदराने डोळे पुसले. ते पाण्याने भरले नव्हते, तिला नुसती सवय लागली होती. "इतकी वर्सं काढली. येक वरीस निघंना का, म्हनलं."

"आणि त्यापायी अण्णांवर आळ घेतलास?"

मालनबाईने मान वर केली. दीनाचा चेहरा होता त्याच्या किंचित बाजूला ती पाहत होती.

"म्या छाट लई निघतो म्हनलं. अण्णाचं नाव म्या न्हाई घेतलं, दीने. तू घेतलंस."

दिवाळीनंतरची एकेक संध्याकाळ दीनाने आठवून पाहिली. आई खरं बोलत होती. ती नुसती गप्प राहिली होती. बाकीचं सगळं दीनाने स्वतः रचलं होतं, कारण आईचा हात चुकू शकतो हे तिच्या गणितात कुठेच नव्हतं. बाकी जगातलं सगळं कमीजास्त होऊ शकत होतं. ते दोन हात तेवढे नाहीत. पाच वर्षांच्या पोरीने तसं मानलं तर ठीक. तिला एकविसावं सरत आलं होतं.

"उद्या बायका शेठकडे जाणार आहेत," ती म्हणाली. "मला सांगावं लागेल, आई. सगळ्यांसमोर."

"आन् माझं काम जाईल."

"जाईल."

मालनबाईने सूप मांडीवरून खाली ठेवलं. बराच वेळ तिची बोटं सुपाच्या काठावरून फिरत राहिली.

"मग मीबी येती," ती म्हणाली. "माझ्या डोळ्याचं दुसऱ्यानं कशाला सांगायचं?"

सोमवारी सकाळी दोघी शाखेवर पोचल्या तेव्हा बायका दारात जमल्या होत्या. दीना आईचा हात धरून त्यांच्यामधून थेट गादीपर्यंत गेली.

"अण्णा," ती हळू आवाजात म्हणाली, "माझं चुकलं. तुमच्या तपासणीत खोट नव्हती."

नृसिंहअण्णांनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आठवडाभर कोणत्याही बाईने त्यांना नमस्कार केला नव्हता.

"बोललात ते माझ्या कानात नव्हतं, ताई," ते म्हणाले. "दारात उभं राहून बोललात."

दीना वळली. तिने आईचा हात सोडला, दारात आली आणि बायकांना सगळं सांगितलं. चिंध्या कशा बदलल्या, छाट कुणामागे गेला, आणि न तपासता एका माणसाचं नाव तिने कसं घेतलं. कुणीतरी मागून म्हणालं, "शिकल्याली पोर अन् असं?" तिने तेही ऐकून घेतलं. मग मालनबाई भिंतीला हात लावत पुढे आली.

"माझं डोळं गेल्यात बायांनो," ती म्हणाली. "अण्णाचा काय दोस न्हाई. गोजरीनं माझ्यापायी नुसकान सोसलं, तिलाबी बोल लावू नगा."

गोजरबाई नाक शिंकरत पुढे झाली आणि तिने मालनबाईला गादीशेजारच्या पोत्यावर बसवलं. एकेक करून बायका आत आल्या आणि त्यांनी पानं उचलली. मालनबाईच्या वाट्याचं पान तसंच राहिलं.

मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आईचे डोळे तपासले. मोतीबिंदू होता. काढता येईल, पण अजून पिकला नव्हता, पावसाळ्याच्या सुमाराला या, असं त्या म्हणाल्या. परीक्षा त्याच्या आधी होती. टांग्यातून परत येताना मालनबाई चारदा म्हणाली की घरात तेवढ्यापुरतं भागेल. दीना हं हं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने शाखेवरून आईच्या वाट्याचं पान आणलं आणि आईच्या जागी बसली. मालनबाई अंथरुणातून उठून आली, दारातल्या आकृतीकडे बघत म्हणाली, "दीने, ठेव ते."

"कॉलेज अकराला आहे."

"ठेव म्हनती ना."

"तू तंबाखूची चिमूट मोजून दे. तेवढं तुला जमतं. बाकी मी करते. गोजरमावशीच्या बिड्याही फेडायच्यात."

मालनबाई तिच्यासमोर आली. मग खाली बसली आणि हाताने चाचपत तंबाखूचं पुडकं जवळ ओढलं.

चौथ्या दिवशी दीना स्वतः माल घेऊन शाखेवर गेली. नृसिंहअण्णांनी तिची जुडी उघडली. मागे उभ्या असलेल्या बायका पुढे सरकून पाहू लागल्या. अण्णांनी एक बिडी बाजूला ठेवली, मग आणखी एक, मग चार-पाच. प्रत्येक वेळी त्यांचा अंगठा क्षणभर थांबला, पण थांबून राहिला नाही. त्यांनी त्या चुरडून डब्यात टाकल्या.

"कशात गेल्या?" दीनाने विचारलं.

अण्णांनी वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत भांडण नव्हतं.

"तोंड सैल आहे," ते म्हणाले. "दुमडताना नख लावा."

त्यांनी एक चांगली बिडी उचलून तिला कडेने दाखवली. दीनाने ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, नखाने तोंड दाबून पाहिलं आणि परत दिली. मग उद्याचं पान मागून घेतलं.