लोणच्याला चालणारा हात

बुरशीची मला किळस येत नाही. मसाले-लोणच्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईला ती येऊन चालतही नाही. पांढरी, हिरवी, काळी, सगळ्या रंगांची बुरशी मी चमच्याने खरवडून भिंगाखाली पाहिली आहे आणि त्याच हातांनी, साबण लावून, डबा खाल्ला आहे. मला मळमळलं ते एका छापील फॉर्मवर सही करताना. एकोणीसशे शहाऐंशीच्या जूनमधली गोष्ट.

आमचा कारखाना अंधेरीला, पूर्वेच्या बाजूला. त्या वर्षी एका ट्रस्टचं पत्र आलं. अन्नप्रक्रियेचा डिप्लोमा करणाऱ्या दोन मुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे कामावर घ्या. त्यांचा भत्ता आम्ही देऊ, तुम्ही जागा द्या, शिकवणारं माणूस द्या आणि खरं काम द्या. खाली एक अट होती: प्रत्येक मुलीने निदान एक बॅच स्वतःच्या हाताने केली पाहिजे. तसा दाखला असेल तरच कॉलेज तिला शेवटच्या वर्षात घेणार होतं.

आमचे मॅनेजर सहदेवराव 'भत्ता आम्ही देऊ' एवढं वाचूनच खूश झाले.

"नलिनीबाई, ऐन कैरीच्या मोसमात चार हात फुकट," ते म्हणाले. शिकवणारं माणूस म्हणून माझं नाव त्यांनी परस्पर लिहूनही टाकलं.

मुली आल्या. एक पार्ल्याची सुलक्षणा, गोरी, बडबडी, आल्या दिवसापासून सगळ्यांना काकू-मावशी करणारी. दुसरी घाटकोपरची शकु. ती कमी बोलायची आणि हातातल्या निळ्या वहीत सतत काहीतरी लिहायची. मी दोघींना लोणच्याच्या खोलीत घेऊन गेले. तिथे सोनूबाईचं राज्य. मालवणची बाई, वीस वर्षं त्याच खोलीत. तिच्या हाताची चव आमच्या बाटलीवर छापलेली नव्हती एवढंच.

सोनूबाईने सुलक्षणाला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि एक मापटं तिच्या हातात दिलं. मग शकुकडे वळली.

"पुरा नाव सांग गो."

"शकुंतला भीमराज सपकाळे."

बापाच्या नावापाशीच सोनूबाईचा चेहरा मिटला. पुढचं तिने काही विचारलं नाही. पदराला हात पुसत ती माझ्याकडे बघून म्हणाली, "नलिनीबाय, लोणच्याक सगळ्यांचो हात चलना नाय. ह्येका भायर बसवा."

हे वाक्य माझ्या ओळखीचं. आमच्याही घरी आई म्हणायची, अमकीच्या हाताला लोणचं टिकतं, तमकीच्या हाताला बुरशी धरते. ओला हात, अडचणीतली बाई, उष्टा चमचा, सगळी कारणं त्यात येतात. पण इथलं कारण कोणतं, ते त्या खोलीत मसाला कुटणाऱ्या बाईपासून माझ्यापर्यंत प्रत्येकाला कळलं होतं. शकुला तर सगळ्यांच्या आधी.

मी सहदेवरावांकडे गेले. ते हसले. "अहो, सोनूबाई रुसली तर पिंपं कोण भरणार? तुम्ही? त्या पोरीला पाहुणी समजा. पाहुण्यांना कोणी कामाला लावतं का?"

आणि मी ते ऐकलं. मॅनेजरला काय नावं ठेवायची, मीच मान डोलावून परत आले. पाहुणीसाठी लोणच्याच्या खोलीबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे, एक स्टूल ठेवलं गेलं. ट्रस्टने जागा द्या म्हटलं होतं, ती अशी दिली. शकु तिथे बसून आतल्या कामाच्या नोंदी करू लागली. दर सोमवारी मी विचारायची, शकुची बॅच कधी? सहदेवराव म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. माझ्या प्रयोगशाळेत बरणीभर लोणचं मी तिच्याकडून सहज करून घेऊ शकले असते. मला ते सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले. सुचलं होतं. सोनूबाईच्या कानावर जाईल म्हणून केलं नाही.

दुपारी मी माझ्या डब्यातली लोणच्याची फोड सुलक्षणाच्या डब्यात वाढायची. शकु खिडकीशी बसून जेवायची. पोर लाजाळू आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात सुलक्षणाने पहिलं पिंप भरलं. आमच्याकडे मीठ दोनदा पडतं, आधी हळदीबरोबर आणि मग मसाल्याबरोबर. त्या संध्याकाळी शकु वही घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, मीठ एकदाच पडलं. सुलक्षणाला वाटलं मावशींनी घातलं, मावशींना वाटलं तिने घातलं. त्या दोघी बोलत होत्या ना."

"तू बाहेर बसून काय बघितलंस?"

"बाहेरूनच तर सगळं दिसतं, मॅडम."

"सोनूबाई वीस वर्षं करतेय हे. तू फक्त लिही."

तिने मान हलवली आणि जाऊन लिहिलं.

दहा दिवसांनी पिंपाचं झाकण उघडलं तर वर गालिचा. हिरवट, लव आलेला, कडेला पांढरा, आणि वास असा की मसाला कुटणाऱ्या दोघी बाहेर पळाल्या. सोनूबाईने आधी कपाळाला हात लावला आणि मग तोच हात उंबऱ्याकडे केला.

"दारात बसता नाय ती? दिसभर नजर. मी पयल्याच दिसाक सांगितलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. शकु स्टुलावरून उठली आणि तिने वही छातीशी धरली. मी नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेले. मीठ निघालं सहा टक्के. पाहिजे होतं बारा. बरोबर अर्धं. मी कागद सहदेवरावांच्या टेबलावर ठेवला.

"सुलक्षणाने दुसरं पिंप भरलंय ना? ते चांगलं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं. चांगलं पिंप सुलक्षणाच्या नावावर लिहा, खराब शकुच्या. दोघींची एकेक बॅच झाली. ट्रस्ट खूश, कॉलेज खूश, पुढच्या वर्षी आणखी दोन मुली."

"पण ते तिने केलेलं नाही."

"मग काही केलं नाही म्हणून लिहा आणि तिचं वर्ष घालवा. कैऱ्या तर संपल्या. आता कसली बॅच करून घेता? सही करा बाई, त्या पोरीचंच भलं आहे."

मला खरोखर मळमळलं. ज्या पोरीला सहा आठवडे पिंपाला बोट लावू दिलं नाही, तिच्या नावावर त्या पिंपातली घाण. म्हणजे सोनूबाईचं म्हणणं आता छापील कागदावर, माझ्या सहीने, खरं होणार होतं. तोंडात आंबट पाणी आलं. आणि तोंडात पाणी असतानाच मी सही केली. तिचं वर्ष वाचेल, असं स्वतःला सांगत केली. माझ्या हाताला कोणी म्हणालं नाही की हा चालत नाही.

शेवटच्या दिवशी मी शकुला बोलावून फॉर्म तिच्यापुढे ठेवला. खालचा रकाना विद्यार्थिनीने भरायचा होता: संस्थेत काय शिकलात? तिने आधी वरचं सगळं सावकाश वाचलं.

"मॅडम, मीठ तपासलंत तुम्ही?"

"सहा टक्के निघालं. तुझं बरोबर होतं."

"मग हे?"

"हे फॉर्मसाठी गं. नाहीतर वर्ष जाईल तुझं."

तिने माझ्याच टेबलावरचं पेन उचललं, बॅचची ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि बाजूला लिहिलं, 'ही बॅच माझी नाही.' मग खालच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या आणि फॉर्म माझ्याकडे फिरवून ठेवला.

"शकु, खाडाखोड केलेला फॉर्म चालत नाही."

"मला सवय आहे, मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात दुसरीकडे करीन."

ती गेली. उंबऱ्याजवळचं स्टूल तिने जाताना उचलून भिंतीशी नीट लावून ठेवलं होतं. थोड्या वेळाने सहदेवराव नवा कोरा फॉर्म घेऊन आले. मी तो घेतला नाही. शकुच्या खोडलेल्या ओळीखाली मी लिहिलं, 'खरं आहे. हिला हात लावू दिला नाही. मीही दिला नाही.' पुन्हा सही केली. सहदेवराव बरंच काही बोलले, ते मी ऐकून घेतलं.

पाकीट चिकटवायच्या आधी तिचा रकाना पुन्हा एकदा वाचला. अक्षर सुरेख होतं.

'लोणच्यात मीठ बारा टक्के हवं. बाकीचं मला आधीच माहीत होतं.'