उघडं तावदान

“चालला की वो!” यशोधरानं टाळी वाजवली. प्रिंटरमधून मालनबाईंच्या लेकीची लग्नपत्रिका हळूहळू बाहेर येत होती. वर निळ्या आभेतले बुद्ध, खाली नवरा-नवरीची नावं. “पंकजभावजी, लई भारी. आमचे हे पंधरवडाभर शाईच्या डबीवर नुसतं खोडरबर घासत बसले हुते.”

चेतन हसला. हसावंच लागलं.

भिंगारच्या बाजारातलं त्यांचं दुकान या रंगीत प्रिंटरवर उभं होतं. जुन्या प्रिंटरला सुईनं शाई भरली की काम भागायचं. हा नवा मात्र हट्टी. शाईच्या डबीवर एक चिप होती. डबी एकदा संपली असं तिनं ठरवलं की वरून कितीही शाई भरा, प्रिंटर छापायला तयार नाही. चेतनबरोबर बीएस्सीला एकाच बाकावर बसलेल्या पंकजनं प्रिंटरच्या पोटातली आज्ञावली वाचली. शाई आहे का, असं प्रिंटर जिथं विचारतो, तेवढीच जागा बदलून सगळी आज्ञावली एका नव्या चिपमध्ये भरली आणि ती चिप प्रिंटरच्या मागच्या झाकणाआड बसवली. आता उत्तर कायम ‘आहे’.

“मलाही हेच सुचलं होतं,” चेतन म्हणाला.

“मग केलं का न्हाई?” यशोधरा सहज बोलली आणि चहा आणायला गेली. पंकजला बिनदुधाचा लागतो, हे तिच्या ध्यानात होतं. चेतनला चहात आलं चालत नाही, हे लग्नाला चार वर्षं झाली तरी राहत नव्हतं.

नव्या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. तिच्यातून ऊन आत जात राहिलं की लिहिलेलं हळूहळू पुसलं जातं. पंकजनं तिच्यावर चंदेरी चिकटपट्टी लावली आणि पेनानं ‘पं’ लिहिलं.

“हे काढू नको, चेत्या.”

“शिकवू नको मला.”

त्या ‘पं’नं चेतनची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी यशोधरा यायच्या आत त्यानं प्रिंटरचं मागचं झाकण काढलं, पट्टी सोलली आणि पाकिटात ठेवली. प्रिंटर पूर्वेच्या खिडकीपाशी होताच. काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, पुसणारे किरण काच अडवते. म्हणून तो तावदानही उघडायचा. चैत्रातलं ऊन थेट चिपवर पडायचं. रोज सकाळी तो ते सरकताना पाहायचा. पंकजचं काम कच्चं निघावं, एवढंच त्याला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात प्रिंटर मुका झाला. नेमक्या तेव्हा मालनबाई उरलेल्या पत्रिका न्यायला आल्या.

“आगं यशोधरे, आवतनाची मुळं धाडायचीत कोल्हारला. टेम्पोवाला थांबलाय. आता काय तोंडी सांगू?”

यशोधरानं पंकजला फोन लावला. तो आला, वाकून आत पाहिलं. उघडी चिप. “झाकण कुणी काढलं?”

“ह्यांनीच,” यशोधरा कौतुकानं म्हणाली. “प्रिंटरला वारं लागतं म्हणून. रोज तावदानसुदिक उघडत्यात. लई जीव हाय त्यांचा त्याच्यावर.”

पंकज तावदानाकडे पाहत राहिला. मग चेतनकडे. चेतनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“माझीच चूक, वहिनी,” पंकज म्हणाला. “पट्टीचा डिंक कच्चा हुता. गळून पडली आसंल.”

“आसू द्या वो भावजी. माणूसच हाय.” ती पुन्हा बिनदुधाचा चहा टाकायला वळली.

पंकजनं खिशातून दुसरी चिप काढली. जास्तीची भरून ठेवलेली. ती बसवून त्यानं नवी चिकटपट्टी कापली, काहीतरी लिहिलं आणि चेतनच्या बोटावर ठेवली.

“तूच लाव.”

पट्टीवर ‘चे’ लिहिलं होतं.

चेतननं ती काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबली. आतली सोनेरी तारांची नक्षी झाकली गेली. त्यानं झाकण लावलं, उठून तावदान ओढून घेतलं. मागे प्रिंटर सुरू झाला. निळे बुद्ध एकेक करून बाहेर येऊ लागले. यशोधरा हसत कपबशा घेऊन आली, पण तो काचेशीच पाठमोरा उभा राहिला, एक हात पाकिटावर.