धिंगरीची खोली

जैनाबादच्या त्या घरात दोन चुली होत्या. श्रीकांत आणि भूपेंद्र हे भाऊ केळीचं शेत एकत्र करत, पण त्यांच्या बायका, मोठी मालती आणि धाकटी रंजिता, स्वयंपाक वेगळा करत. भांडण असं नव्हतं. मालतीला आपल्या भांड्यात दुसऱ्याचा हात चालत नसे, एवढंच.

मालतीची तृप्ती नववीत होती. बऱ्याच दिवसांपासून पोरगी धड जेवत नव्हती. वरणात बोटाने रेघोट्या मारत बसायची. एकदा शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "डाळी, अंडी, असं काही पोटात जाऊ द्या." घरात अंडं चालत नव्हतं. मालतीने मुगाचे लाडू केले, धपाटी केली, रागावली, विनवलं. ताट तसंच परत यायचं.

त्या हिवाळ्यात रंजिता महिला समूहाच्या शिबिरातून मशरूम लावायला शिकून आली. बांधावर जाळून टाकायची केळीची सुकी पानं तिने चिरली, गरम पाण्यातून काढून निथळवली, थराथराने बियाणं टाकत प्लास्टिकच्या पिशव्या भरल्या आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत टांगल्या.

"कुत्र्याच्या छत्र्या उगवणार, आणखी काय," मालती म्हणाली.

महिनाभरात पिशव्यांच्या भोकांतून धिंगरी मशरूमचे राखाडी घोस बाहेर आले. रंजिताने लसूण आणि दाण्याचा कूट घालून भाजी केली. त्या दुपारी तृप्ती काकूच्या ओट्यावर बसून जेवली, आणि वर आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. मालतीने ते दारातून पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. आपण वर्षभर विनवत होतो, आणि हिने कचऱ्यातून काढून वाढलं तर पोरगी खाते.

मग रोजचंच झालं. शाळेतून आली की तृप्ती आधी काकूकडे. "काकू, आज तोडायचे का?" हे कानावर पडलं की मालती भांडी जोरात आपटायची.

तेवढ्यात रंजिताची आई इच्छापुरला आजारी पडली. भूपेंद्र रंजिताला पोचवायला निघाला. जाताना रंजिता म्हणाली, "ताई, नवीन कळ्या धरल्यात. सकाळ-संध्याकाळ पाणी मारा फक्त. दारावरचं गोणपाटही ओलं ठेवा."

"मारते न," मालती म्हणाली.

तिने मारलं नाही. पहिल्या दिवशी कामात राहिलं, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी खोलीसमोरून दोनदा गेली आणि कडी काढली नाही. तृप्तीने विचारलं, "आई, पाणी मारलं?" ती म्हणाली, "मारलं. तू अभ्यास कर."

रंजिता परतली तेव्हा कळ्या सुकून पिवळ्या पडल्या होत्या, गोणपाट कडक झालं होतं. तिने एक पिशवी हातात धरून पाहिली.

"ताई, पाणी नाही मारलं?"

मालतीने खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडून मात्र निघालं, "नाही मारलं. पोरगी माझी आहे, रंजिता."

रंजिताने पिशवी परत टांगली. "तुमचीच आहे. माझ्याकडे जेवते म्हणून तुम्ही तिचं जेवणच बंद केलं की हो."

त्या संध्याकाळी तृप्तीने पुन्हा अर्धं ताट सरकवून दिलं.

सकाळी मालती खोलीत गेली. रंजिता सुकलेल्या कळ्या खुडत होती. "मेल्या का सगळ्या?" मालतीने विचारलं.

"पिशवी जिवंत आहे. पाणी पाजलं तर परत धरेल."

मालतीने बादली भरून आणली. दोघी पिशव्या भिजवत राहिल्या. नंतर पाणी मारायचं काम मालतीनेच घेतलं. रंजिता उठायच्या आत ती खोलीत असायची.

पुन्हा घोस आले. या खेपेला भाजी मालतीने केली. तृप्तीने खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाली, "काकूची जास्त चांगली होते."

मालतीने तिच्या ताटात आणखी वाढलं. मग रंजिताच्या ओट्यावर जाऊन तिने विचारलं, कूट भाजून घेतेस की कच्चा. रंजिताने सांगितलं.

पुढच्या खेपेला मालतीने आपल्या वेगळ्या पिशव्या भरल्या, रंजिताकडूनच शिकून. दोघींच्या पिशव्या एकाच खोलीत टांगल्या. आधी कळ्या धरल्या त्या रंजिताच्या पिशव्यांना, आणि ते मालतीला खटकलंच. पण पाणी तिने सगळ्यांना सारखं मारलं.