लोखंडाच्या कंपनीचे दात

माझ्या पाटल्या मोडून शेअर घ्यायचे असं आमच्या ह्यांनी, म्हणजे तेजरामने, परस्पर ठरवलं, तेव्हा मी दोन दिवस भाजीत मीठच घातलं नाही.

कंपनी बंगालकडची, लोखंडाची, पन्नास वर्षं जुनी. शेजारचे आनंदराव रेल्वेत मालबाबू. त्यांनी नागपूरहून तिचा इंग्रजी अहवाल आणला होता आणि त्यातले नफ्याचे आकडे वाचून ह्यांना झोप येईना. पाटल्या मात्र माझ्या आईच्या, दोनच. आमची जया मॅट्रिक झाली की तिच्या पुढच्या शिक्षणाला म्हणून ठेवलेल्या. त्या बुडाल्या की जयाचं शिक्षण मॅट्रिकवरच संपलं, इतकं ते सरळ होतं.

शेवटी मीच म्हटलं, मामाजींना बोलवा. मामाजी, म्हणजे माझे सासरे धोंडबा, भंडाऱ्याकडच्या बैलबाजारात पारखी होते. आधी दात पाहायचे, मग जनावर चालवून पाहायचे, आणि घेणाऱ्याचा हात दुपट्ट्याखाली धरून बोटं दाबून किंमत सांगायचे. चारचौघांत आकडा बोलायची रीत नव्हती.

मामाजी भिलाईला, आमच्या मरोद्याच्या घरी आले. अहवाल हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा केला.

"कागदाले दात नसते," ते म्हणाले. "जनावर कुठं आहे?"

हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. ह्यांनी गेटपास काढले आणि आनंदरावांसकट आम्हा सगळ्यांना तिथल्या भट्टीवर नेलं. मीही पहिल्यांदाच जात होते. भट्टीचं तोंड फोडलं आणि वाळूतल्या चरातून लोखंड वाहत आलं, मळ्यात पाटाचं पाणी सोडावं तसं. पायाखालची जमीन घुमत होती. मला रडू आलं. घरी यायला उशीर होतो म्हणून तीन वर्षं मी ह्या माणसाला टाकून बोलत होते, आणि हा रोज ह्याच्यासमोर उभा राहत होता. मामाजींनी कठड्यापाशी वहाणा काढून हात जोडले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "घेऊन टाक. असं जनावर मी जल्मात पाह्यलं नाही."

आनंदराव चाचरले. "बाबा, हे ते नव्हे. हे सरकारचं आहे. याचा शेअर भेटत नाही."

"लोखंड म्हणजे लोखंडच ना," हे पुटपुटले.

"म्हणजे तुम्ही मले दुसऱ्याचा बैल दाखवला?" एवढं विचारून मामाजी चालू लागले. घरी आल्यावर चहा प्यायले. मग त्यांनी आनंदरावांना अहवाल उघडायला लावला.

"चारा घरचा का इकतचा?"

"खाण कंपनीची स्वतःचीच आहे."

"पन्नास वर्साचा झाला. काम करते का नुसता उभा राह्यते?"

"नवी भट्टी बांधून राहिले. म्हणून मालकांले, म्हणजे शेअरवाल्यांले, थोडंच देते, पण दरसाल देते."

"अन् आज पाह्यलं तसा जवान बैल बाजारात उतरला, तर हा बसून नाही जाणार?"

आनंदरावांनी चष्मा काढून पुसला. "देशाले दोघांचंही लोखंड पुरत नाही, बाबा. अजून बाहेरून येते. पण पुढचं कोणी सांगावं?"

मामाजींनी मान हलवली आणि हातावर दुपट्टा टाकला. हे लगबगीने पुढे सरकले.

"तू नाही," मामाजी म्हणाले. "पाटल्या कोणाच्या? सूनबाई, हात दे."

लग्नाच्या अकरा वर्षांत मी त्यांच्या पायांखेरीज कशाला हात लावला नव्हता. डोक्यावरचा पदर सावरला आणि दुपट्ट्याखाली हात घातला. शेकडो बैल पारखलेला तो हात होता. त्यांनी आकडा दाबला नाही. नुसता माझा हात धरून ते वाट पाहत राहिले. असं माझ्यासाठी कोणी थांबल्याचं मला आठवत नव्हतं, आणि भट्टीपाशी भरून आलं होतं तसंच मला पुन्हा भरून आलं.

मी एक बोट दाबलं. एक पाटली कंपनीला, एक जयाला.

"झाला सौदा," मामाजी म्हणाले.

किती ठरलं म्हणून ह्यांनी जेवण होईपर्यंत तीनदा विचारलं. मामाजींनी तोंड उघडलं नाही आणि मीही नाही. भाजीत मीठ मात्र त्या दिवशी घातलं.