धुण्याची गाडी

आमचे हे विमा कंपनीत मोटारींचे क्लेम बघायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सवय गेली नाही. कुठलीही गाडी दिसली की तिच्याभोवती एक चक्कर मारायची, बोटाने पत्रा वाजवायचा, खाली वाकायचं आणि "ही मागून ठोकलेली आहे" असं जाहीर करायचं. आमच्या कस्तुरीच्या लग्नात जावई सजवलेल्या गाडीतून उतरले तेव्हा सगळे जावयाकडे बघत होते आणि हे बंपरकडे. यांचं नाव नंदकिशोर. मी जयंती. बदलीने जयपूरला आलो आणि इथलेच झालो.

मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझा डावा पाय माझं ऐकत नाही. उजवा चांगला आहे. काठी घेऊन घरातल्या घरात फिरते, पण फाटकाबाहेर पडायचं म्हणजे कुणाचा तरी दंड धरायला लागतो. आमची कॉलनी वैशाली नगरच्याही पुढे. मोठी, ऐसपैस, देऊळ एका टोकाला आणि बाग दुसऱ्या टोकाला. मराठी घरं मोजकीच, आणि तीही एकमेकांपासून होता होईल तितकी लांब. एके काळी मी या शहरात कायनेटिक चालवली आहे. भाजी, बँक, कस्तुरीची शाळा, सगळं त्या कायनेटिकवर. आता बागेत जावंसं वाटलं तर यांना सांगायचं. हे कधीही नाही म्हणत नाहीत. पेपर संपवतात, चपला शोधतात, चाकाची खुर्ची बाहेर काढतात, मला बसवतात आणि मागून ढकलतात. तोवर माझी बागेची हौस फिटलेली असते. वाटेत भेटणारा प्रत्येक जण माझ्या डोक्यावरून यांना विचारतो, "भाभीजी की तबीयत कैसी है?" अरे बाबा, भाभीजी इथेच बसल्या आहेत, त्यांनाच विचार की.

पण खरी ठिणगी पडली ती गेल्या संक्रांतीला. आमच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघरी जाऊन, कुंकू लावून करायचं, अशी माझ्या सासूबाईंपासूनची रीत. मी जयपुरात आल्यापासून ती कधी मोडली नव्हती. गेल्या वर्षी मला जाता येईना, म्हणून यांनी मोठ्या प्रेमाने कॉलनीच्या मराठी ग्रुपवर निरोप टाकला. "सर्व संबंधित महिलांना कळविण्यात येते की..." पुढचं मला वाचवलं नाही. संबंधित महिला आल्या. एकदमच आल्या, दबक्या आवाजात बोलल्या, "तुम्ही उठू नका हं" असं म्हणत मला बसल्या जागी कुंकू लावून गेल्या. एकीने तर केळी आणली होती. हळदीकुंकवाला कुणी केळी आणतं का? केळी आजाऱ्याला बघायला जाताना नेतात. त्या गेल्यावर मी ढसाढसा रडले. यांना वाटलं, पाय दुखतोय.

यंदा थंडी सुरू झाली तेव्हा मी सांगून टाकलं, या वर्षी बोलावणं करायला मी जाणार. मीच जाणार.

"कशी?" हे म्हणाले.

त्यावर कस्तुरीने डोकं चालवलं. ती इथेच एका कंपनीत आहे, शहरातच वाढली, त्यामुळे तिची मराठी अर्धी हिंदीतून येते. "पप्पा, गोल्फ कार्ट घ्या ना. मतलब, सेकंड हँड. कॉलनीच्या आत दोन-तीन लोकांकडे आहे की. आई आरामात मागे बसेल, तुम्ही चालवा."

"आणि मी कधी चालवायची?" मी विचारलं.

दोघंही हसले. मी विनोद केला नव्हता.

यांच्या अंगात मात्र वारं शिरलं. कुठल्या गाडीची बॅटरी किती टिकते, चार्जर कसा असतो, कुणाचे सुटे भाग मिळतात, सगळं वाचून काढलं. मग एका रविवारी कस्तुरीने आम्हाला आमेरच्या रस्त्यावर एका आवारात नेलं. भंवरलालजी म्हणून एक गृहस्थ आहेत. मोठी हॉटेलं आणि लग्नाचे रिसॉर्ट जुन्या गाड्या काढून टाकतात त्या ते घेतात, ठीकठाक करून विकतात. फेटा, कानात बाळी, जिभेवर साखर. आवारात ओळीने गाड्या उभ्या. कुणी पाहुण्यांना खोलीपर्यंत सोडणारी, कुणी नवरदेवाला मांडवात नेणारी, तिच्या छताला अजून झेंडूची वाळकी फुलं लटकत होती.

मला एका खुर्चीत बसवण्यात आलं. चहा आला. आणि यांचा सर्व्हे सुरू झाला.

काय ते बघणं! यांनी खिशातून चष्मा काढला, मोबाइल काढला, प्रत्येक गाडीचे चारी बाजूंनी फोटो घेतले. या गाडीला ओरखडा आहे, नको. त्या गाडीचा कोपरा चेपलाय, नको. हिचा रंग दुसऱ्यांदा दिलेला आहे, काहीतरी लपवताहेत. भंवरलालजी मागे मागे फिरत होते आणि "आप तो पारखी हैं, साहब" म्हणून यांना आणखी फुलवत होते. कस्तुरी फोनवर बोलत होती. जिच्यासाठी गाडी घ्यायची ती बाई ऊन खात, चहा पीत बसली होती. कुणी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

शेवटी यांनी एक पसंत केली. पांढरी शुभ्र, एकही ओरखडा नाही, गुबगुबीत सीट, दोन्ही बाजूंना रुंद हात. कुठल्याशा रिसॉर्टमध्ये ती फक्त नवरीसाठी ठेवलेली होती म्हणे.

"जयंती, ये. तुझी गाडी बघ," हे म्हणाले. इतके खुश होते की मला नको म्हणवेना.

मी काठी टेकत गेले. पायरी उंच होती. उजवा पाय वर ठेवायचा तर सगळं अंग डाव्यावर येतं, आणि डावा तर असा. मग म्हटलं, मी नेहमी बसते तशी बसू, पाठ करून आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. तर मध्ये तो रुंद हात. तो हलेना, मी वळेना. मी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी लटकले. हे धावले, भंवरलालजी धावले, एकाने एका काखेत हात घातला, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि दोघांनी मिळून मला गव्हाच्या पोत्यासारखी वर चढवली.

"बस्स! बसली!" हे म्हणाले. "बघ, किती आरामशीर आहे."

लाज वाटली मला. आणि लाजेच्या मागोमाग असा संताप आला की कान तापले.

"उतरवा मला," मी म्हटलं.

"अगं, एक चक्कर तरी..."

"आधी उतरवा."

उतरवलं. मी काठीवर उभी राहिले आणि बोलले. भंवरलालजींना मराठी येत नाही हे बरं झालं. "अहो, तुम्ही गाडीचा ओरखडा न् ओरखडा बघितलात. बसणार कोण ते बघितलंत का? रोज सकाळी मला चढवायला दोन माणसं लागणार असतील तर ही चाकाची खुर्ची काय वाईट होती? आणि मी मागे बसणार नाही. मी चालवणार."

"पायाने चालवायची असते ती!" हे कळवळून म्हणाले.

"एका पायाने. तेवढा आहे मला."

कस्तुरीने फोन बंद केला.

मग मी स्वतः बघायला निघाले. रंग बघितला नाही, पत्रा वाजवला नाही. प्रत्येक गाडीशी गेले, पाठ केली आणि टेकून बघितलं. एक उंच, एकीला मध्ये दांडा, एकीची सीट घसरडी. आवाराच्या टोकाला, भिंतीला लागून एक गाडी उभी होती. हिरवी, पण हिरवी म्हणायची एवढंच. पुढे एकच बाक, त्याला हात वगैरे काही नाही. मागे सीटच्या जागी मोठा ट्रे. जमिनीपासून इतकी खाली की मी पाठ करून टेकले ती सरळ बसलेच. उजवा पाय आपणहून आत आला, डाव्याला हाताने उचलून आत घेतलं. कुणाचा हात लागला नाही. मी स्टिअरिंगला धरून नुसती बसून राहिले, आणि मला हसू यायला लागलं.

"माताजी, वो रहने दीजिए," भंवरलालजी घाईने आले. "वो होटल की धोबी वाली है. चादरें ढोती थी."

धुण्याची गाडी! यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. यांनी एक चक्कर मारलीच. "जयंती, ही डावीकडून ठोकलेली आहे. मागूनही ठोकलेली आहे. अगं, ही मी टोटल लॉस लावली असती."

"चालते का?" मी भंवरलालजींना विचारलं.

"चलती तो मक्खन है," ते म्हणाले. एवढं खरं बोलल्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

किल्ली दिली. पुढे जायचं बटण, मागे जायचं बटण, एक पॅडल पळायचं, एक थांबायचं. मी उजवा पाय ठेवला. गाडी हळूच निघाली. नवरीच्या गाडीला वळसा घालून, झेंडूच्या गाडीपुढून, फाटकापर्यंत गेले आणि वळवून परत आणली. हे बाजूने धावत होते, "ब्रेक! ब्रेक!" करत. वास्तविक कुठे काही आडवं आलेलं नव्हतं.

यांनी बॅटरी तपासून घेतली, नवी घालायला लावली, ब्रेक दोनदा बघितले. यांचं ज्ञान वाया गेलं असं मी म्हणणार नाही. फक्त मान हलवत हलवत केलं सगळं.

घरी आल्यावर सराव झाला. हे शेजारी बसायचे आणि सूचना द्यायचे. डावीकडे घे, कुत्रा आहे, स्पीडब्रेकर आहे, अगं कुत्रा आहे. मी निमूटपणे ऐकायचे, कारण यांचा एक हात सतत सीटच्या कडेला घट्ट असायचा. भीती खोटी नव्हती. ऑपरेशनच्या खोलीबाहेर हेच तर बसले होते, मी तर भूल घेऊन झोपले होते.

संक्रांत झाली. गच्च्यांवरचे गाण्यांचे भोंगे थांबले, पतंग अजून झाडांत अडकून होते. बोलावण्याच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले, वर शाल घेतली, करंडा मांडीवर ठेवला. हेही कोट घालून तयार.

"तुम्ही कुठे?" मी म्हटलं.

"म्हणजे? शेजारी बसतो की."

"हळदीकुंकवाच्या बोलावण्याला पुरुष जातात का?"

"अगं, रस्त्यावर मांजा लटकत असतो. गळ्याला लागला तर?"

"शाल आहे. हळू जाईन."

हे फाटक उघडायला गेले. उघडून तिथेच उभे राहिले. वळणावर मी मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबले असते.

पहिलं घर भार्गवीचं. वयाने कस्तुरीहून थोडी मोठी, तिचा नवरा बँकेत आहे. तिच्या दाराला पायऱ्या, तेव्हा मी खालूनच हॉर्न वाजवला. तो कसातरीच किरकिरतो. भार्गवी हात पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. "काकू! अहो, मीच आले असते की. काका कुठायत?"

"काका घरी आहेत. तू खाली उतर."

ती आली. मी बसल्या जागेवरून तिला हळदीकुंकू लावलं. "शुक्रवारी संध्याकाळी ये. आणि हे बघ, येताना फळं आणायची नाहीत."

ती लाल झाली आणि मग इतकी मोठ्याने हसली की शेजारची बाई गॅलरीत आली. तिलाही बोलावलं. ती बिकानेरची, पण मला कोण अडवणार होतं?

सगळी घरं झाली. परत वळायच्या जागी मी सरळ गेले. बागेच्या मागे कॉलनीची भिंत आहे, तिथे ती जरा पडलेली आहे आणि पलीकडे सरसों फुललेली दिसते. मला हे माहीतच नव्हतं. गाडी थांबवली. काही काम नव्हतं, कुणी बरोबर नव्हतं, कुणी माझ्यासाठी ताटकळत नव्हतं. मोर ओरडत होता. फोन वाजला, वाजून थांबला, मी उचलला नाही. उन्हात बसून राहिले, डोळ्यांतून पाणी आलं ते येऊ दिलं.

ऊन उतरल्यावर निघाले. हे फाटकाबाहेर रस्त्याच्या मध्ये उभे होते. एका हातात फोन, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मला बघून पुढे आले, गाडीकडे नाही, माझ्याकडे बघितलं, हातपाय जागेवर आहेत ना ते, आणि मग आवाज चढवून म्हणाले, "कुठे होतीस इतका वेळ?"

ऑपरेशन झाल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कशाला, मी कुठे आहे ते सगळ्यांना कायम माहीत असायचं.

यांची फार दया आली. वाटलं, सांगून टाकावं, कुठे नाही हो, भिंतीपाशी नुसती बसले होते.

"गेले होते जरा," मी म्हटलं, आणि गाडी आत घेतली.