कोऱ्या बाटलीची साक्ष

मी कोरी बाटली बोलतेय. अर्ध्या लिटरची, पांढऱ्या प्लास्टिकची, झाकणावर काळ्या शाईने 'कोरी' असं लिहिलेली. शपथेवर सांगते, पुढे जे येईल त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तसं एका ठिकाणी मी साफ खोटं बोलणार आहे, पण ते शेवटी कबूल करीन. आत्तापासून संशय घेऊ नका, वाचायला त्रास होईल.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून आम्ही शंभर बहिणी इतक्या जोरात बाहेर पडलो की छपराला भोक पडलं. बरं, भोक नाही, पोचा आला. बरं, तोही आधीचाच होता.

आमच्यातल्या सात जणी एका प्रयोगशाळेत आल्या. काम ओढ्यातले बेडूक शोधण्याचं. आता बेडूक काही हाक मारल्यावर येत नाही. पण पाण्यात राहतो म्हणजे कातडी टाकतो, लाळ सोडतो, बाकीचं मी सांगत नाही. त्या सगळ्यातून त्याचा डीएनए पाण्यात उतरतो. ते पाणी बारीक कागदातून गाळायचं आणि कागदावर अडकलेलं मशीनला दाखवायचं. बेडूक असेल तर पडद्यावर एक रेघ वर चढते.

सहा बहिणी ओढ्याचं पाणी भरून आणायच्या. मी मात्र प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी घेऊन जायची आणि तेच परत आणायची. ओढ्याकाठी झाकण उघडायचं, जरा हवा खायची, झाकण लावायचं. परत आल्यावर मलाही तसंच गाळायचं. माझ्यात काही निघता कामा नये. निघालंच, तर डीएनए ओढ्यातून नाही, आपल्याच हातून आला असं समजायचं, आणि बहिणींची साक्षही बाद.

अकरा वर्षं मी 'काही नाही' एवढंच म्हणत आले. प्रत्येक फेरीनंतर ब्लीचची अंघोळ. अंगाची चमक गेली, झाकण सैल झालं. काहीही न करण्यासाठी रोज कामावर जायचं, यात मजा वाटत असेल तर करून बघा.

आमच्या बाई या कामातल्या मोठ्या जाणकार. एका पिवळ्या पोटाच्या, नखाएवढ्या बेडकाच्या मागे त्यांनी केस पांढरे केले. तो फक्त दूरच्या एका ओढ्यात उरला होता. तिथले चार बाईंनी प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत पाळले होते. कामाला निघताना त्या टाकीत बोट बुडवायच्या आणि म्हणायच्या, "येते रे." शकुन म्हणून. साऱ्या जगाला हातमोजे बदलायला शिकवणारी बाई!

मग रस्त्याच्या खात्याचं पत्र आलं. गावाबाहेरचा ओढा पाइपात घालायचा होता. तो बेडूक तिथंही आहे, असं बाईंना फार दिवस वाटत होतं. शुक्रवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर काम सुरू.

सोमवारी निघालो. बाईंनी शकुनाचं बोट बुडवलं आणि घाईत त्याच हाताने माझं झाकण आवळलं. मी ओरडले. बाटलीचं कोण ऐकतं?

गाडी चालवणारे मामा ओढ्याकाठी सावलीत बसून होते.

"ताई, दिसला का?"

"दिसायची गरज नाही, मामा. पाण्यावरून कळतं."

"झकास. उद्यापासून मीही येत नाही. कपातल्या चहावरून ओळखा मी आलो होतो ते."

बुधवारी सकाळी निकाल लागला. सहापैकी पाच बहिणींच्या रेघा चढल्या. प्रयोगशाळेच्या साहेबांनी टेबलावर थाप मारली, "बाई, जिंकलात!"

मग माझी रेघ चढली. उशिरा चढली, पण चढली.

"ही कुठली?" साहेबांनी विचारलं.

"कोरी."

साहेबांनी दार लोटून घेतलं. मग साहेब हळूच म्हणाले, "फुटली म्हणून लिहा."

"प्लास्टिकची आहे, साहेब."

"मग हरवली."

"ही काय, समोर बसलीय."

"अहो, ओढा जाईल! तुमच्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय?"

बाई आपल्या बोटाकडे बघत होत्या. "मीच टाकीत घातलं होतं," त्या म्हणाल्या. "झाकणंही सगळी मीच लावली. त्या पाचांत ओढ्याचं किती आणि माझ्या बोटाचं किती, सांगा."

"एका बोटापायी?"

"आज हिला लपवलं, तर उद्या खरा बेडूक सापडला तरी कोण विश्वास ठेवील?"

त्यांनी सातही नावांपुढे 'बाद' लिहिलं. मला हातपाय असते तर मी त्या टेबलावरून स्वतः उडी मारली असती.

त्याच दुपारी पुन्हा निघालो. टाकीवर कापड टाकलेलं, बाईंच्या हातात मोज्यांवर मोजे. शुक्रवारी निकाल लागला: सहाच्या सहा रेघा आभाळाला भिडल्या, मी स्वच्छ! रस्ता वळवला गेला. मामांनी इतका हॉर्न वाजवला की पाच गावं जागी झाली, आणि तो नखाएवढा बेडूक स्वतः येऊन माझ्या झाकणावर बसला.

तर खोटं ते हे.

बुधवारी दुपारी पोचलो तेव्हा वरच्या अंगाला रस्त्याच्या मोजणीवाल्यांनी खड्डे घेतले होते. ओढा नुसता गाळ. गाळायला घेतलं, तर कपभर पाण्यातच कागद तुंबायचे. बाई कागद बदलत राहिल्या, डबा संपेपर्यंत. शेवटी मामाच म्हणाले, "ताई, बास आता. चला."

शुक्रवारी सहाही बहिणींत काही नव्हतं. माझ्यातही नव्हतं. बाईंनी तसं लिहून पाठवलं. सोमवारी पाइप आले.

मी आता फडताळात असते. बाई कधी काढतात, हातात धरतात, परत ठेवतात. राग नसावा. असला तरी मला दमायला झालंय, मी तो मनावर घेत नाही.

बेडूक त्या ओढ्यात होता की नव्हता, हे आता कुणालाच कळणार नाही. मला विचाराल तर मी 'होता' म्हणेन. पण ते लिहून घेऊ नका.