चावी गाडीलाच

मित्रांनो, मी एक काळी मोटारसायकल. वय वर्षे एकोणीस. टाकीचा रंग उडालाय, सीटला दोन ठिकाणी ठिगळं आहेत आणि थंडीच्या दिवसांत किक मारणाऱ्याला मी घाम फोडते. माझ्यासारख्या गाड्या गावोगाव दिसतील. पण एकवीस दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात उभं राहण्याची वेळ सगळ्यांवर येत नाही. माझ्यावर आली, म्हणून हे सांगते.

माझे भाग कुठल्या कारखान्यात जुळले, ते मला आठवत नाही. आठवतं ते मलकापूरचं दुकान, हँडलला घातलेला झेंडूचा हार आणि चाकाखाली फुटलेलं लिंबू. गुंडाआबांनी मला तिथून वाघजाईवाडीला आणलं. कृष्णाकाठचं उसाचं गाव. दर दोन घरांमागे एक माणूस पलटणीत.

पहिल्याच संध्याकाळी आबांनी भावकीला सांगून टाकलं, "चावी गाडीलाच असंल. ज्याला नड हाय त्यानं न्यायची. इचारत बसू नका."

आबा गेले, पण त्यांचा शब्द चालू राहिला. माझ्यावरून तापलेली पोरं दवाखान्यात गेली, खताची पोती आली, लग्नाच्या पत्रिका वाटल्या गेल्या. तिघे जण माझ्यावर गाडी शिकले आणि तिघांनीही मला एकाच ओढ्यात घातलं. परत आणून सोडताना कुणी पेट्रोल टाकायचं, कुणी नुसतीच सीटवर थाप मारायचं, "लय गुणाची गाडी हाय!" मला तेवढंही पुरायचं.

मार्चातल्या एका मंगळवारची गोष्ट. आबांचा मुलगा राजवर्धन साखर कारखान्यातली रात्रपाळी करून घरात गाढ झोपला होता. त्याची बायको पूजा आणि आई अंबूबाई, दोघी सव्वा वर्षाच्या ओवीला लस द्यायला आरोग्य केंद्रात गेल्या होत्या. बाराच्या सुमाराला लालासाहेब नाना आले. हे राजवर्धनचे चुलते. सहा फूट उंच, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त, गळ्यात तुळशीची माळ. गावातले तंटे त्यांच्या ओसरीवर मिटायचे. त्यांनी माझे दोन्ही आरसे आपल्या उंचीला वर केले आणि मला नदीकडे नेलं.

तिथं मासे धरणाऱ्यांची खोप आहे. मला बाभळीखाली लावून नानांनी माळ काढली, कपाळाला टेकवली, खिशात ठेवली आणि ते मरळ मासा खायला बसले. पंधरा दिवसांतून एकदा हे ठरलेलं असायचं. गावात एकालाही ठाऊक नव्हतं.

नेमक्या त्याच दुपारी पलीकडच्या डोहावरच्या तीन पाणमोटारींच्या तांब्याच्या केबली कुणीतरी कापून नेल्या. आणि मला बाभळीखाली उभी असताना एका जाणाऱ्यायेणाऱ्याने पाहिलं होतं.

संध्याकाळी दारात पोलिसांची जीप आली. गल्ली गोळा झाली. साहेबांनी विचारलं, "दुपारी गाडी नदीवर कुणी नेली होती?"

"म्हाईत न्हाई साहेब," राजवर्धन म्हणाला. "मी झोपलेलो. चावी गाडीलाच असती."

"मालकालाच माहीत नाही? बरंय की!"

गर्दीत नाना उभे होते. मी वाट पाहत होते. त्यांनी गळ्यातली माळ नीट केली आणि खाली पाहिलं. राजवर्धनला जीपमध्ये बसवलं. मला एका शिपायाने आरशांना हातही न लावता चालवत नेलं आणि ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आली. कडेवर ओवी, मागे अंबूबाई. पूजा बी.एस्सी. झालेली, पण ठाण्याची पायरी तिने कधी चढली नव्हती. आत जायच्या आधी तिने सगळं निरखून घेतलं. कोण आत जातं, कोण बाहेर येतं, बाहेर येणाऱ्याचा चेहरा कसा आहे.

टेबलामागे अश्लेषा नावाच्या हवालदार बाई लिहीत होत्या. दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

"मॅडम, त्यांना मारलं नाही ना?"

"समोर बसलेत, बघा. चहा पितायत." हवालदार बाईंनी पेन ठेवलं. "ताई, अटक झाली म्हणजे गुन्हा शाबित झाला असं नाही. चोवीस तासांच्या आत त्यांना कोर्टापुढं उभं करावंच लागतं. आज दुपारी तीनला नेणार. कशासाठी धरलंय हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. वकील परवडत नसेल तर कोर्टात विधी सेवेचा मिळतो, फुकट. घ्या लिहून."

पूजाने ते ओवीच्या लसीच्या कार्डामागे लिहून घेतलं.

"आणि गाडी कुणी नेली होती, ते सांगणारं माणूस आणा. गावातलं कुणी नाही का आलं?"

अंबूबाईंना राहवलं नाही. "कोन येतंय बाई! कालधरनं दारात चिटपाखरू न्हाई. दूधवाल्यानंबी चरवी पायरीवर ठिवली आन् गेला. माज्या हातात द्यायची लाज वाटली त्याला."

ओवी रडायला लागली, तशी पूजा तिला घेऊन बाहेर आली. ओळखीची गाडी दिसताच पोरगी माझ्याकडे झेपावली. पूजाने तिला सीटवर बसवलं, स्वतः मागून धरलं आणि तिला हसवायला आरशात बघायला गेली. आरशात लिंबाचा शेंडा दिसत होता. तिने दुसरा आरसा पाहिला. त्यातही शेंडाच. राजवर्धन तिच्यापेक्षा बोटभरच उंच. भावकीत सहा फुटी माणूस एकच. मग तिने फोन लावला.

"नाना, पूजा बोलतेय. गाडीचे आरसे वर केलेले आहेत... नाही, कुणाला सांगितलं नाही. तुम्ही कुठं गेला होता ते मला ऐकायचंही नाही. तीनला कोर्ट आहे, नाना. मी सांगून उपयोग नाही, मी घरी नव्हते. तुम्हालाच यावं लागेल."

तिकडून काही उत्तर आलं का, मला कळलं नाही. फोन ठेवून तिने ओवीला पुन्हा कडेवर घेतलं.

दीडच्या वडाप जीपने नाना आले. बाहेरच्या बाकावर बसले. केबली चोरीला गेलेला जोतिबा जबाब द्यायला आला होता, तोही शेजारीच बसलेला. नाना एकदा उठले, फाटकापर्यंत गेले, पाणी प्यायले, पुन्हा बसले.  पूजा दारातून बघत राहिली. शेवटी ते टेबलापुढे जाऊन ताठ उभे राहिले.

"गाडी मी नेली हुती."

"कुठं?"

"नदीला."

"कशाला?"

नानांनी एकदा जोतिबाकडे पाहिलं. "मासं खायाला."

"आवं नाना, तुमी?" जोतिबा ताडकन उठला. "माळकरी माणूस!"

"व्हय. मरळ. खोपीवाल्यांस्नी इचारा. बारापस्नं तीनपतूर तितंच हुतो. केबली कापायला येळ कुटला? काटं काढत हुतो."

आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. हवालदार बाईंनी ओठ दाबून सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "कालच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," नाना म्हणाले.

खोपीवाल्यांचेही जबाब झाले. पोलिसांनी कोठडी मागितली नाही. कोर्टाने त्याच दिवशी राजवर्धनला जामीन दिला आणि जामीनदार म्हणून नानांनीच सही केली. पंधरवड्यात खरे चोर सापडले आणि राजवर्धनचं नाव वगळलं गेलं. मला सोडायचा कोर्टाचा हुकूम यायला मात्र एकवीस दिवस लागले. तोवर माझ्यावर लिंबाचा पाला साठला आणि एक चाक बसलं.

मी घरी आले. पूजाने चावी पूर्वीसारखी मलाच ठेवली, पण मला कुणी हात लावेना. त्या दिवशी कुणीच दाराकडे फिरकलं नव्हतं, त्यामुळे एकमेकांच्या डोळ्याला डोळा द्यायलाही लोक कचरत होते. नानांनी माळ ज्यांच्या हातून घातली होती, त्या बुवांकडे परत दिली. पोरं त्यांना पारावर चिडवायची, "सुभेदार, आज मरळ का वाम?" त्यांच्या ओसरीवर तंटा घेऊन कुणी येईना. ऊन खात उभं राहून मी गंजू लागले.

एका रविवारी नाना आले. गल्लीच्या मधोमध उभे राहून कवायतीवरच्या आवाजात ओरडले, "पूजा, गाडी न्हेतोय गं! नदीला चाललोय, मासं खायाला!"

दारं उघडली. माना बाहेर आल्या.

"जावा नाना," आतून पूजा म्हणाली. "चारपर्यंत आणा, यांना पाळीवर जायचंय."

"आन् भावजी, चार तुकडं बांधून आना!" अंबूबाईंनी हाक दिली.

दुसऱ्या दिवशी शेजारची बाई दारात येऊन म्हणाली, "पूजा, दळण आणायला न्हेऊ का गं गाडी?"

मित्रांनो, गाडी वापरा. वापराविना लोखंड गंजतं. चेनला तेल द्या, चाकात हवा भरा आणि नेताना दारात एक हाक मारा. आणि कधी कुणाच्या दारात जीप आली, अन् तुम्हाला काही ठाऊक असेल, तर त्याच संध्याकाळी पुढे होऊन सांगा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.